संगणकास लेखी आज्ञा : शेल स्क्रिप्टची तोंडओळख

महिनाअखेर आली की केंद्रशाळांतून, पंचायत समित्यांच्या कचेऱ्यांतून आणि ग्रामपंचायतींतून एकच दृश्य दिसू लागते. निरनिराळ्या शाळांकडून वा गावांकडून आलेल्या याद्या संगणकावर एकामागून एक उघडल्या जातात, एका यादीतील मजकूर उचलून दुसरीत टाकला जातो, ओळी मोजल्या जातात, बेरजा होतात आणि तयार झालेला तक्ता वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना होतो. पुढच्या महिन्यात तेच काम, त्याच क्रमाने, पुन्हा. हे काम करणारी व्यक्ती बहुधा एकच असते. कोणत्या यादीनंतर कोणती उघडायची, कोणता स्तंभ वगळायचा, हे तिच्या हातांना पाठ झालेले असते. कागदावर मात्र ते कोठेच नसते. तिची बदली झाली म्हणजे पद्धतही तिच्याबरोबर जाते. ग्रामसभेत एखाद्या सदस्याने ‘हा आकडा आला कोठून?’ असे विचारले, तर उत्तर देणे अवघड होऊन बसते. कारण माऊसने केलेल्या उचल-ठेवीचा माग मागे उरत नाही.

या अडचणीवर संगणकशास्त्राकडे एक जुना, साधा आणि विनामूल्य उपाय आहे. त्याचे नाव शेल स्क्रिप्ट. संगणकास द्यावयाच्या आज्ञा ओळीने लिहून ठेवलेला साधा मजकूर, एवढाच तिचा अर्थ. परिपत्रकात एखादी कार्यपद्धती क्रमवार नमूद केलेली असावी, त्याच धर्तीवर येथे काम नमूद केलेले असते. फरक इतकाच की हे परिपत्रक संगणक स्वतः वाचतो आणि त्यातील प्रत्येक ओळ अमलात आणतो. मोठमोठ्या आज्ञावल्या लिहिणे हे तज्ज्ञांचे काम असले, तरी दहा-पंधरा ओळींची शेल स्क्रिप्ट हा नीट टिपणी लिहिता येणाऱ्या कोणाही कर्मचाऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या आवाक्यातील विषय आहे. (पुढील विवेचनात आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहाव्या लागतात.)

गर आणि टरफल

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो अंतर्भाग यंत्राचे प्रत्यक्ष नियंत्रण करतो, त्यास ‘कर्नेल’ म्हणतात. कर्नेल म्हणजे आक्रोडासारख्या फळाच्या आतील गर. त्या गराभोवतीचे टरफल म्हणजे ‘शेल’. मनुष्याने लिहिलेली आज्ञा हे टरफल स्वीकारते, तिचा अर्थ लावते आणि आतल्या गराकडून काम करवून घेते. हे नाव फ्रेंच अभियंता लुई पूझँ यांनी दिले. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत काम करीत असताना, त्याच त्या आज्ञा पुनःपुन्हा लिहिण्याचा कंटाळा येऊन त्यांनी ‘रनकॉम’ नावाची सोय तयार केली. आज्ञा एका फाईलीत लिहून ठेवायच्या आणि ती फाईलच चालवायची, अशी ती सोय होती. आजच्या संगणकांतही काही मांडणी-फाईलींच्या नावाच्या शेवटी ‘आरसी’ ही दोन अक्षरे आढळतात, ती या रनकॉमची आठवण होय. वाहनाच्या आरसी बुकाशी त्यांचा काही संबंध नाही.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा आरंभ केला, आणि शेलची कल्पना तेथे रुजली. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बॉर्न यांचा शेल आला. पुढे, विनामूल्य व खुल्या आज्ञावल्यांचा जो ‘ग्नू’ प्रकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केला, त्यासाठी ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये नवा शेल लिहिला. बॉर्न या आडनावावर कोटी करून त्याचे नाव ‘बॉर्न अगेन शेल’, म्हणजे पुनर्जन्म पावलेला शेल, असे ठेवण्यात आले. त्याचेच संक्षिप्त रूप ‘बॅश’. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सबरोबर बॅश जगभर पोहोचला. नवशिक्याने आरंभ करावा तो बॅशपासूनच. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्यांत तो आधीच बसविलेला असतो. विंडोजवर लिनक्सचे वातावरण उभे करण्याची सोय २०१६ पासून उपलब्ध आहे. मॅक संगणकांवर २०१९ पासून ‘झेडशेल’ हा जवळचा भाऊबंद मुख्य शेल म्हणून येतो. अँड्रॉइड मोबाईलवरही ‘टर्मक्स’ या ॲपच्या साहाय्याने सराव करता येतो. संगणक नसलेल्या शाळेतील जिज्ञासू शिक्षकास एवढे साधन पुरेसे आहे.

मितभाषी सेवक

टर्मिनल उघडले की पडद्यावर एक खूण लुकलुकत राहते. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. नवशिक्याला प्रथम धास्ती वाटते ती या रिकाम्या पडद्याची. तीत भर पडते आज्ञांच्या विचित्र, तुटक नावांमुळे. ‘एलएस’ म्हणजे यादी दाखव, ‘सीडी’ म्हणजे फोल्डर बदल, ‘सीपी’ म्हणजे प्रत कर, ‘एमव्ही’ म्हणजे हलव, ‘आरएम’ म्हणजे काढून टाक. ही काटकसर उगाच केलेली नाही. युनिक्स घडत होते तेव्हा आज्ञा टेलिटाईप यंत्रावर, कळ दाबून दाबून, कागदावर छापल्या जात. ते यंत्र संथ आणि त्याच्या कळा जड. जितकी अक्षरे कमी तितके श्रम कमी. ती यंत्रे गेली, नावे राहिली.

दुसरी गोष्ट नवशिक्यास खटकते ती शेलच्या अबोलपणाची. फाईलीची प्रत करण्याची आज्ञा दिली, एंटर दाबले, आणि काहीच घडले नाही असे वाटते. पुन्हा तीच खूण लुकलुकते. वस्तुतः काम झालेले असते. काम बिनचूक झाले तर मौन, बिघडले तरच तक्रार, अशी ही रीत आहे. मात्र पडद्याआड प्रत्येक आज्ञा आपला निकाल एका अंकाने कळवीत असते. शून्य म्हणजे यश. एक, दोन किंवा अन्य कोणताही अंक म्हणजे अपयश. शाळेत शून्य मिळाले की नापास, या सवयीच्या हे उलट आहे. पण त्यामागील विचार सरळ आहे. यश एकाच प्रकारचे असते, अपयशाची कारणे मात्र अनेक असतात, आणि प्रत्येक कारणाला वेगळा अंक देता येतो. पुढे स्क्रिप्ट लिहिताना ‘आधीचे काम साधले असेल तरच पुढे जा’ असे सांगावयाचे असते, तेव्हा हाच अंक उपयोगी पडतो.

आरंभीच्या आठवड्यात याहून अधिक शिकण्याची घाई नसावी. फोल्डरांतून ये-जा करणे, फाईल पाहणे, तिची प्रत करणे, एवढे हातात बसले पाहिजे. प्रत्येक आज्ञेची माहिती ‘मॅन’ ही आज्ञा दिल्यास पडद्यावर येते. युनिक्सची ही माहितीपुस्तिका १९७१ पासूनची आहे, आणि तिची भाषा रुक्ष आहे. ती पाठ करण्यासाठी नाही, अडल्यावेळी उघडण्यासाठी आहे.

नळीला नळी

शेलचे खरे सामर्थ्य एका उभ्या रेघेत आहे. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅक्इलरॉय यांनी १९६४ मध्येच अशी सूचना केली होती की, बागेला पाणी घालण्याच्या नळीला जसा आणखी एक तुकडा जोडता येतो, तशा संगणकाच्या आज्ञावल्या एकमेकींना जोडता आल्या पाहिजेत. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती कल्पना युनिक्समध्ये उतरविली, आणि तीही एका रात्रीत, असे मॅक्इलरॉय यांनी पुढे सांगितले आहे. दोन आज्ञांच्या मध्ये उभी रेघ ओढली की पहिलीतून बाहेर पडलेला मजकूर दुसरीच्या तोंडी जातो. या जोडणीस ‘पाईप’ म्हणतात.

समजा, एका केंद्रात १४ शाळा आहेत आणि प्रत्येक शाळेने विद्यार्थ्यांची यादी साध्या मजकुराच्या फाईलीत दिली आहे. प्रत्येक ओळीत नाव, इयत्ता आणि गाव, स्वल्पविरामाने वेगळे केलेले. कोणत्या गावातून किती मुले शाळेत येतात, हे हवे आहे. येथे पाच लहान आज्ञा एकमेकींना जोडाव्या लागतात. ‘कॅट’ सर्व फाईली एकापुढे एक ओतते. ‘कट’ प्रत्येक ओळीतील तिसरा स्तंभ, म्हणजे फक्त गाव, कापून घेते. ‘सॉर्ट’ ती नावे क्रमाने लावते. ‘युनिक’ सारखी नावे एकत्र करून प्रत्येकाची संख्या पुढे लिहिते. शेवटी पुन्हा एकदा ‘सॉर्ट’, या वेळी संख्येनुसार, मोठी संख्या आधी. १४ शाळांचे उत्तर पडद्यावर क्षणात येते. १४० शाळा असत्या तरी आज्ञा तीच राहिली असती.

मधल्या ‘सॉर्ट’कडे नवशिक्याचे हमखास दुर्लक्ष होते. ‘युनिक’ ही आज्ञा फक्त लगतच्या ओळी ताडून पाहते. एकाच गावाचे नाव पहिल्या आणि पन्नासाव्या ओळीत असेल, तर तिच्या दृष्टीने ती दोन वेगळी गावे होत. म्हणून आधी सारखे सारख्याशेजारी आणणे आवश्यक असते. टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी झाल्यावरच प्रत्येक गावचा गठ्ठा मोजला जातो, तसेच हे.

या पहिल्या उत्तरातून बहुधा आणखी काही बाहेर पडते. ‘वडगाव बुद्रुक’, ‘वडगाव बु.’ आणि नुसते ‘वडगाव’ ही तीन वेगळी गावे म्हणून यादीत येतात. प्रत्येक फाईलीच्या माथ्यावर स्तंभांची शीर्षके असतील, तर ‘गाव’ नावाचे एक नवेच गाव निघते आणि तेथे बरोबर १४ विद्यार्थी असल्याचे दिसते. ही आज्ञेची चूक नव्हे. याद्यांतील विसंगती, जी हाताने काम करताना नजर आपोआप सावरून घेत होती, ती येथे उघडी पडते. अनेकांच्या मते शेल शिकण्याचा पहिला लाभ हाच आहे.

१९८६ मध्ये या साध्या जोडणीची एक प्रसिद्ध परीक्षा झाली. एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द शोधून काढण्याचा प्रश्न जॉन बेंटली यांनी आपल्या नियतकालिक सदरासाठी विख्यात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांच्यापुढे ठेवला. नूथ यांनी अनेक पृष्ठांची, अत्यंत कौशल्यपूर्ण आज्ञावली लिहिली. तिचे परीक्षण करण्याचे काम मॅक्इलरॉय यांच्याकडे होते. त्यांनी तिची मनापासून प्रशंसा केली आणि पुढे तेच काम करणारी सहा आज्ञांची नळी लिहून दाखविली. दोघांपैकी श्रेष्ठ कोण, हा वाद आजही रंगतो. नूथ यांची आज्ञावली मुळात लेखनपद्धतीचा आदर्श म्हणून लिहिलेली होती, हे त्या वादात पुष्कळदा विसरले जाते.

ओळी मोजणारी ‘डब्ल्यूसी’ ही आज्ञा येथेच शिकून घ्यावी. आलेल्या ओळी किती आणि पुढे गेलेल्या किती, हे प्रत्येक टप्प्यावर ताडून पाहण्याची सवय किती मोलाची आहे, ते इंग्लंडमधील एका घटनेवरून ध्यानात येते. २०२० च्या करोना साथीत, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद तेथील आरोग्य यंत्रणेच्या दैनंदिन आकडेवारीतून गळाली. प्रयोगशाळांकडून आलेल्या याद्या एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाईलीत भरल्या जात होत्या. अशा फाईलीत ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत, आणि जागा संपल्यावर उरलेल्या ओळी गुपचूप बाहेर राहिल्या. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध त्यामुळे लांबला. आधीच्या आणि नंतरच्या ओळींची संख्या ताडून पाहणारी एक ओळ त्या कामात असती, तर तफावत त्याच दिवशी दिसली असती.

आज्ञांचा कागद

पडद्यावर एकदा साधलेली जोडणी फाईलीत लिहून ठेवली की स्क्रिप्ट तयार झाली. फाईलीच्या पहिल्या ओळीत, एका ठरावीक चिन्हजोडीनंतर, ही फाईल कोणत्या शेलने वाचावी ते लिहितात. त्यानंतर फाईलीस ‘चालविण्याची परवानगी’ द्यावी लागते. युनिक्समध्ये प्रत्येक फाईलीसाठी वाचणे, बदलणे आणि चालविणे या तीन परवानग्या असतात, आणि त्या मालक, गट व इतर यांना वेगवेगळ्या देता येतात. नुकतीच लिहिलेली स्क्रिप्ट चालत नाही, याचे पहिले कारण बहुधा ही राहून गेलेली परवानगी असते. दुसरे कारण अधिक फसवे आहे. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेल्या फाईलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा, अदृश्य चिन्ह असू शकते. बॅशला ते अक्षर वाटते, आणि नजरेला निर्दोष दिसणारी ओळ तो नाकारतो.

स्क्रिप्टमध्ये तीन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पहिली, नाव देणे. ‘महिना’ या अर्थाचे एखादे नाव ठेवून त्यात ‘जून’ भरले, की पुढे जेथे जेथे ते नाव येईल तेथे जून समजला जातो. पुढच्या महिन्यात एकच शब्द बदलायचा. दुसरी, आवर्तन. ‘या फोल्डरातील प्रत्येक यादीसाठी पुढील काम कर’ असे सांगण्याची ‘फॉर’ ही रचना आहे. तिसरी, अट. ‘फाईल अस्तित्वात असेल तर मोज, नसेल तर शाळेचे नाव थकबाकीदारांच्या यादीत लिही’ असे ‘इफ’ने सांगता येते. एका केंद्राची स्क्रिप्ट मोठ्याने वाचली तर ती साधारण अशी वाचता येईल : महिना जून आहे. प्रत्येक शाळेसाठी पाहा : जूनची यादी आली आहे काय? आली असल्यास तिच्या ओळी मोजून शाळेच्या नावासह गोषवाऱ्यात लिही. आली नसल्यास तसे कळव. सर्व शाळा झाल्यावर एकूण बेरीज दाखव.

हे वाचताना जे समजते, ते दोन वर्षांनंतर त्या जागी आलेल्या नव्या कर्मचाऱ्यासही समजले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर टीप लिहावी. ओळीच्या आरंभी एक विशिष्ट खूण केली की शेल ती ओळ सोडून देतो. ती केवळ माणसासाठी असते, आणि ती मराठीत खुशाल लिहावी. ‘अमुक शाळा मार्चपासून बंद असल्याने वगळली’ ही टीप स्क्रिप्टमध्ये असली म्हणजे तो निर्णय लेखी राहतो. आकड्याबद्दल प्रश्न आला की दाखविण्यासारखा कागद हाताशी असतो. विचारणाऱ्यास त्यातील चूकही दाखविता येते.

मराठी याद्यांची अडचण

बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजी मजकूर गृहीत धरून लिहिलेली असतात. मराठी याद्यांवर काम करणारास ज्या अडचणी येतात, त्यांचा उल्लेख त्यांत क्वचितच आढळतो. म्हणून त्या येथे थोड्या विस्ताराने पाहणे इष्ट ठरेल.

पहिली अडचण जुन्या फाँटांची. गेल्या शतकाच्या अखेरीपासून कचेऱ्यांतून जो मराठी मजकूर टंकलिखित झाला, त्यातील पुष्कळसा युनिकोडमध्ये नाही. तो पडद्यावर मराठी दिसतो, परंतु संगणकाच्या आत ती रोमन अक्षरे व चिन्हे असतात. अशा फाईलीत ‘ग्रेप’ या शोध घेणाऱ्या आज्ञेने ‘सातारा’ शोधल्यास काहीही सापडणार नाही. आधी त्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हाच मार्ग आहे.

दुसरी अडचण अंकांची. ‘सॉर्ट’ला संख्येनुसार क्रम लावण्यास सांगितले, तरी ती फक्त इंग्रजी अंकांनाच संख्या मानते. देवनागरी १००, २० आणि ९ तिच्या लेखी संख्याच नव्हेत. त्यामुळे १०० हा आकडा ९ च्या आधी जाऊन बसतो. बॅशची बेरीज-वजाबाकीही इंग्रजी अंकांवरच चालते. अंक बदलण्यासाठी ‘टीआर’ ही आज्ञा वापरण्याचा मोह होतो, परंतु लिनक्सवरील प्रचलित टीआर मजकूर एकेका बाइटने वाचते. युनिकोडच्या प्रचलित मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, त्यामुळे उत्तर बिघडते. हे काम ‘सेड’ या आज्ञेतील अक्षरबदलाच्या सोयीने नीट होते. याच कारणाने मोजणीतही गोंधळ उडतो. ‘पुणे’ या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. संगणकाच्या हिशेबी ती प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे असतात आणि बाइट भरतात बारा. ‘डब्ल्यूसी’ला काय मोजावयाचे ते स्पष्ट सांगितले नाही, तर आकडा भलताच येतो.

तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म आणि मराठीची खास आहे. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील अर्धा र, ज्यास ‘चंद्रकोर र’ म्हणूनही ओळखतात, संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिला जाऊ शकतो. एका पद्धतीत त्यासाठी स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. मात्र ‘ग्रेप’ला ते दोन भिन्न शब्द वाटतात. एका गावात ‘शेतकऱ्यांची यादी’ सापडते आणि दुसऱ्या गावात तीच यादी असूनही सापडत नाही, असे झाले तर दोष यादीचा नसतो. दोन टंकलेखकांच्या कळफलकांचा असतो. शोध घेण्यापूर्वी एक रूप दुसऱ्यात बदलून घेणारी एक ओळ स्क्रिप्टच्या आरंभी ठेवणे हा त्यावरील उपाय होय.

विध्वंसक आज्ञा

शेल जितका आज्ञाधारक, तितकाच निर्विकार. ‘आरएम’ने काढून टाकलेली फाईल कोणत्याही कचरापेटीत जात नाही, ती जातेच. खात्री आहे काय, असेही बहुधा विचारले जात नाही.

फोल्डरांच्या नावांतील मोकळी जागा हा येथला नित्याचा सापळा. ‘जुनी यादी’ हे नाव अवतरणचिन्हांत न घालता काढून टाकण्याची आज्ञा दिली, तर शेल त्याचे दोन शब्द करतो आणि ‘जुनी’ व ‘यादी’ अशा दोन वस्तू शोधतो. शेजारी ‘यादी’ नावाची चालू महिन्याची फाईल असेल, तर जुनी राहते आणि नवी जाते. स्क्रिप्टमध्ये कोणतेही बदलते नाव लिहिताना ते दुहेरी अवतरणात लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

रिकामे नाव त्याहून घातक. जानेवारी २०१५ मध्ये ‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या सेवेच्या लिनक्सवरील स्क्रिप्टमध्ये असाच दोष उघडकीस आला. स्वतःच्या फोल्डरातील सर्व काही पुसून टाक, अशी आज्ञा तीत होती. परंतु ते फोल्डर मूळ जागेवरून हलविलेले असल्यास त्याचा पत्ता धारण करणारे नाव रिकामे राही, आणि आज्ञेचा अर्थ ‘संगणकाच्या मुळापासूनचे सर्व काही पुसून टाक’ असा होई. त्यात वापरकर्त्याच्या खाजगी फाईली तर गेल्याच, संगणकास जोडलेल्या बाह्य साठ्यातील प्रतीही गेल्या. उल्लेखनीय असे की त्या ओळीच्या माथ्यावर, हे भीतिदायक आहे, अशा अर्थाची टीप लिहिणाराने स्वतःच लिहून ठेवली होती. पत्ता रिकामा असल्यास येथेच थांब, अशी अट घातली असती तर अनर्थ टळता.

म्हणून पुसणारी किंवा हलविणारी कोणतीही आज्ञा प्रथम ‘एको’ लावून चालवावी. एको म्हणजे प्रतिध्वनी. ती काम न करता, काय केले जाणार आहे ते नुसते पडद्यावर छापते. ते वाचून मगच एको काढावा. ‘शेलचेक’ नावाची विनामूल्य आज्ञावली स्क्रिप्ट तपासून राहून गेलेली अवतरणचिन्हे आणि तत्सम चुका दाखविते. सराव नेहमी प्रतींवर करावा, मूळ याद्यांवर नव्हे. आणि विद्यार्थ्यांची वा लाभार्थ्यांची खरी नावे, आधार क्रमांक असलेल्या याद्या सरावासाठी घरच्या संगणकावर नेऊ नयेत.

अलीकडे मागणी करताच स्क्रिप्ट लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वत्र झाली आहेत. त्यांची मदत अवश्य घ्यावी. परंतु वाचता न येणारी स्क्रिप्ट चालविणे आणि न वाचता आदेशावर स्वाक्षरी करणे यांत फारसा भेद नाही. परिणामांची जबाबदारी दोन्हीकडे स्वाक्षरी करणाराचीच राहते.

शिकण्याची साधने

मराठी भाषकांसाठी सर्वांत सोयीचे साधन म्हणजे भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठ. लिनक्स आणि बॅश या दोहोंवर तेथे छोटे छोटे दृक्‌श्राव्य पाठ विनामूल्य उपलब्ध असून, अनेक पाठांना मराठी निवेदन आहे. पाठ ऐकत असतानाच शेजारच्या टर्मिनलवर तीच आज्ञा देऊन पाहावी, अशी त्यांची योजना आहे. इंग्रजी वाचनाची सवय असणारांना नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे युनिक्स शेलवरील पुस्तक उपयुक्त ठरेल. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यांच्या पुस्तकांवर संगणकविद्या शिकल्या. लिनक्स बसविण्यासाठी नवा संगणक घेण्याची आवश्यकता नसते. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, २००७ मध्ये भारतीय भाषांच्या सोयींसह ‘बॉस’ ही लिनक्सची आवृत्ती प्रसृत केली. तिच्यातही बॅश आहे. शाळेच्या कपाटात पडून असलेल्या जुन्या संगणकावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती बहुधा चालते. शेलच्या सरावासाठी तिला भारी यंत्र लागत नाही, आणि इंटरनेट नसले तरी ‘मॅन’ची पुस्तिका यंत्रातच असते. पहिली स्क्रिप्ट म्हणून, येत्या महिनाअखेरीच्या याद्यांची प्रत घेऊन प्रत्येक यादीतील ओळी मोजणारी पाच ओळींची स्क्रिप्ट लिहावी, आणि तिचे उत्तर हाताने केलेल्या मोजणीशी ताडून पाहावे.